घरगुती दुरुस्ती : बेस गिटारचीं सैल बटणें

तंबोऱ्याच्या व पेटीच्या शेजारीं विजेवरील बेस गिटार आतां कांहीं घरांतून दिसूं लागली आहे. अमेरिकेंत फुलर्टन येथें लिओ फेंडर यांनीं इ. स. १९५१ मध्यें ‘प्रिसिजन बेस’ या नांवानें हें वाद्य विक्रीस आणलें. त्याची सर्वांत खर्जाची तार सेकंदास सुमारें ४१ आंदोलनें करते.

या वाद्यावर आवाज कमीजास्त करणारीं व त्याची धाटणी बदलणारीं बटणें असतात. वापरानें तीं सैल होतात. वडील मंडळी तें मुलांचें खेळणें समजून लक्ष देत नाहींत, आणि मुलांस ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु याच क्षुल्लक गोष्टीपायीं ऐन कार्यक्रमांत वाद्य मुकें होण्याचा संभव असतो.

प्रथम दोष कोठें आहे तें पाहावें. बटण फिरतें पण आवाजांत फरक पडत नाहीं, तर तें आपल्या दांड्यावरून घसरत आहे असें समजावें. मात्र बटणाबरोबर खालचा नटहि हालत असेल, तर आंतील यंत्र, ज्याला कारागीर पॉट म्हणतात, तेंच सुटलें आहे. यास विलंब लावूं नये. पॉट फिरलें कीं त्यास डाख लावून जोडलेल्या तारा पिळल्या जातात व अखेर तुटतात.

काम करण्यापूर्वीं ध्वनिवर्धकाची तार काढून ठेवावी. बटणाच्या बाजूस बारीक स्क्रू असल्यास तो बेतानें आवळावा. त्यास षट्कोनी खांच असेल तर अ‍ॅलन की लागते. ही किल्ली अमेरिकन वाद्यांस बहुधा इंचांच्या मापाची व इतरांस मिलिमीटरची असते. चुकीच्या मापानें खांच झिजते. आवळतांना बटणाखालीं जाड कागद ठेवावा, म्हणजे तें लांकडावर घासणार नाहीं.

स्क्रू नसेल तर बटण नुसतें दाबून बसविलेलें असतें. त्याखालीं फडकें गुंडाळून सरळ वर ओढावें. आंतील दांडा मधोमध चिरलेला दिसेल. त्या चिरेंत पातळ पेंचकस घालून दोन्ही अर्ध केसभरच दूर करावे. अधिक जोर केल्यास दांडा मोडतो. दांडा ६ मिलिमीटरचा व बटणाचें भोंक पाव इंचाचें, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचें, असल्यास मध्यें पितळी नळी बसवावी.

नट सैल असल्यास बटण काढून, पॉट आंतल्या बाजूनें धरून, मगच पान्यानें तो आवळावा. पॉट न धरतां आवळल्यास ज्या तारा वाचवावयाच्या त्याच पिळल्या जातील.

डिंक किंवा सरस मात्र लावूं नये. तंबोऱ्याची खुंटी सरकूं लागली तर आपण तिला खडू लावतों, चिकटवून टाकीत नाहीं. कारण ती पुन्हां फिरवावयाची असते. हें बटणहि पुढें नटासाठीं काढावें लागणारच.

एवढें काम घरच्या घरीं होण्यासारखें आहे. वडील माणसांपैकीं कोणीं तरी मुलाशेजारीं बसून तें करावें, अशी आमची सूचना आहे. ज्या वाद्याचा स्क्रू आजोबांनीं आवळला, तें वाद्य घरांत परकें राहत नाहीं.