तक्रार करणाऱ्याला कवच कोण देणार?

कामाच्या ठिकाणी भेदभाव झाला तर तक्रार करा, हा सल्ला देणे सोपे आहे. तक्रार केल्यानंतर त्या माणसाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे, आणि आपला कायदा नेमका तेथेच दुबळा पडतो.

आधी मुळाकडे पाहू. संविधानाचा अनुच्छेद १६(२) सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कुळ, जन्मस्थान व निवास या कारणांवरून भेदभावाला मनाई करतो. या यादीत ‘भाषा’ नाही. सरकारी व अनुदानित शिक्षणसंस्थांतील प्रवेशाबाबतच्या अनुच्छेद २९(२) मध्ये मात्र ती आहे. म्हणजे घटनाकारांना हे कारण अपरिचित नव्हते. शिवाय अनुच्छेद १६ सरकारला बांधतो. उद्यमबागेतील फाउंड्रीत किंवा निपाणीच्या विडी कारखान्यात राबणाऱ्याला त्याचा थेट उपयोग नाही.

तक्रारीचा सूड बडतर्फीच्या रूपाने क्वचितच येतो. लांबची बदली, सततची रात्रपाळी, रोखलेली वेतनवाढ, गोपनीय अहवालातील एक प्रतिकूल शेरा, ही त्याची नेहमीची रूपे. कंत्राटी कामगाराबाबत तर काहीच करावे लागत नाही. मुदत संपली की ती वाढवायची नाही, एवढे पुरते.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालकाविरुद्ध आरोप दाखल करणाऱ्या वा साक्ष देणाऱ्या कामगाराला काढणे ही अनुचित प्रथा ठरवली. पण हे संरक्षण ‘औद्योगिक विवादासंबंधीच्या’ चौकशीपुरते आहे, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तीच चौकट ठेवली. व्यवस्थापकाच्या टेबलावर ठेवलेला पहिला अर्ज म्हणजे औद्योगिक विवाद नव्हे. ज्या क्षणी कवचाची सर्वाधिक गरज असते, त्याच क्षणी ते नसते.

महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्याने अनुचित प्रथेविरुद्ध कामगाराला ९० दिवसांत स्वतः न्यायालयात तक्रार करण्याचा आणि अंतरिम आदेश मागण्याचा मार्ग दिला. कर्नाटकाने तसा कायदा केला नाही. कागलच्या कामगाराला उघडलेला दरवाजा शेजारच्या निपाणीत उघडला नाही.

उपाय अशक्य नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांनुसार, चौकशी चालू असताना तक्रारदार महिलेचा गोपनीय अहवाल आरोपीला लिहू न देण्याची शिफारस समिती करू शकते. हेच तत्त्व भेदभावाच्या प्रत्येक तक्रारीला लावावे. तक्रारीनंतर वर्षभरात झालेली प्रतिकूल कारवाई सूडाची मानावी आणि ती तशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकावा. भेदभावाच्या निषिद्ध कारणांत भाषेचा स्पष्ट उल्लेख करावा.

पाट्या आणि परिपत्रकांसाठी आपण रस्त्यावर उतरतो, ते योग्यच आहे. त्याच निवेदनांत या मागण्याही आल्या पाहिजेत. तोवर तक्रार लेखीच करा, तारीख घाला आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. उद्या न्यायालयात घटनाक्रम सिद्ध करायला तो कागदच कामी येईल.