वंशभेदाची चर्चा पुण्यापर्यंत आणा

महाविद्यालयात वंशभेदावर चर्चा झाली की आम्ही विद्यार्थी अमेरिकेबद्दल भरभरून बोलतो. जॉर्ज फ्लॉइडवर झालेला अन्याय खराच. पण तेवढ्यावर उठलो, तर पुण्याचा हिशेब राहून जातो.

त्यातला काही भाग अभिमानाचा आहे. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. 1920च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करत होत्या. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि त्यातच त्यांची बौद्धिक श्रेष्ठता दिसते, असे फिशर यांचे गृहीतक होते. इरावतीबाईंनी 149 कवट्या तपासल्या आणि या असमानतेचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष मांडला. परक्या देशात, आपल्याच मार्गदर्शकाला पुराव्यानिशी नाकारायला केवढे धैर्य लागले असेल! याच बाईंनी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे शिकवले.

याच शहरात ऑगस्ट 2012 मध्ये ईशान्य भारतातल्या तरुणांवर हल्ले झाले. निमित्त आसामातल्या हिंसाचाराचे होते, पण मार मणिपुरी मुलांनाही बसला; चेहरेपट्टी तेवढी पाहिली गेली. अफवा उठल्या, आणि पुणे-बंगळूरहून हजारो जण गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. केंद्र सरकारला घाऊक एसएमएसवर 15 दिवस बंदी घालावी लागली.

मारहाण हे टोक झाले. त्याच्या खाली रोजचे ‘चिंकी’, ‘हबशी’ असते, आफ्रिकी विद्यार्थ्याला पाहून नाकारलेली खोली असते. निडो तानिया या अरुणाचली तरुणाच्या दिल्लीतील मृत्यूनंतर 2014 मध्ये नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशावरून हिणवणे हा स्वतंत्र गुन्हा करावा, अशी शिफारस केली होती. 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंशाच्या कारणावरून जमावाने केलेल्या हत्येला शिक्षा आहे. हिणवण्यासाठी मात्र वेगळे कलम आलेले नाही.

म्हणूनच महाविद्यालयांची जबाबदारी वाढते. तक्रार कोणाकडे करायची, हे प्रवेशाच्या दिवशीच लेखी सांगावे. आणि पुढची चर्चा ठरवताना मणिपूरच्या, नायजेरियाच्या, सुदानच्या विद्यार्थ्यांना पाहुणे म्हणून शेवटी दोन शब्द बोलायला न लावता, विषय ठरवण्यापासून बरोबर घ्यावे.