नावेतल्या डिझेलच्या वासाला सरावू नका

"होडीत डिझेलचा वास यायचा नाही तर काय अत्तराचा यायचा?" हा प्रश्न मला अनेक नौकामालकांनी हसत हसत विचारला आहे. मासेमारीचा हंगाम सुरू झाला की दवाखान्यात खलाशांची ये-जा वाढते. तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. डोके जड होते, मळमळते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, अन्न नको वाटते. कोणी त्याला पित्त म्हणतो, कोणी बोट लागली म्हणतो. पण ज्याचे निम्मे आयुष्य समुद्रावर गेले, त्याला एकाएकी बोट कशी लागेल? अशा वेळी पित्ताच्या गोळ्या देऊन मोकळे होण्याऐवजी मी तीन प्रश्न विचारतो. त्रास नावेत चढल्यावर सुरू होतो का? किनाऱ्यावर आल्यावर काही तासांत कमी होतो का? बरोबरच्या इतरांनाही होतो का? तिन्ही उत्तरे 'हो' आली, तर आजार माणसात शोधण्याआधी नावेत शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या शिडाच्या होड्यांना हा प्रश्न नव्हता. वारा फुकट होता आणि त्याला वासही नव्हता. आता मिरकरवाडा, हर्णै, जयगड, साखरी नाटे कोठेही जा, इंजिनाशिवाय मासेमारी होत नाही. इंजिन आले ते चांगलेच झाले. मात्र इंजिनाबरोबर टाकी आली, नळ्या आल्या, जोड आले. जेथे जोड आहे तेथे कधी ना कधी गळती होणारच. थेंब थेंब गळलेले डिझेल नावेच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर तरंगते आणि इंजिनाच्या उष्णतेने त्याची वाफ केबिनमध्ये पसरते. त्याच केबिनमध्ये चार-सहा माणसे दाटीवाटीने झोपतात.

वाचकहो, वास हा निसर्गाने दिलेला पहारेकरी आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. यावरून वासाची किंमत ओळखावी. दुर्दैवाने या पहारेकऱ्याला झोप फार लवकर लागते. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणे सोडून देते. म्हणून "आम्हाला तर काही वास येत नाही" असे तांडेल म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याचे नाक सरावलेले असते, एवढेच. घरी परतल्यावर त्याचे कपडे धुणाऱ्या माऊलीला विचारा. ती अचूक सांगेल.

या वासामागचे धोके निरनिराळे आहेत. ज्या छोट्या होड्यांना पेट्रोलवर चालणारे बाहेरचे इंजिन असते, त्यांत पहिला धोका आगीचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून न जाता तळाशी दबा धरून बसते आणि एखाद्या ठिणगीने भडकते. गॅस सिलिंडरच्या गळतीचेही तेच. पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि दीर्घकाळच्या संपर्काने ते रक्ताचा कर्करोग घडवू शकते. डिझेल इतके चटकन पेटत नाही, परंतु दाबाखालच्या नळीतून उडालेला त्याचा फवारा तापलेल्या धुराड्यावर पडला तर तेही पेट घेते. डिझेलचा धूर हे आणखी वेगळे प्रकरण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला.

धुरातला कार्बन मोनॉक्साईड वायू तर पूर्ण बिनवासाचा असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डिझेल इंजिनात तो पेट्रोल इंजिनापेक्षा कमी तयार होतो, पण होतो. बंद केबिनमध्ये स्टोव्ह किंवा शेगडी पेटवली तर त्यात भर पडते. करोनाच्या साथीनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. या विषबाधेत त्याच्यावर विसंबू नका. हा वायू चिकटलेले रक्त आणि ऑक्सिजन घेतलेले रक्त यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही ते आकडा चांगला दाखवते. डोके ठणकणे, गुंगी, उलटी असा त्रास केबिनमधल्या दोघा-तिघांना एकदम झाला, तर सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि किनारा गाठून रुग्णालयात न्यावे. तेथे ऑक्सिजन हेच औषध.

कुजक्या अंड्यासारखा वास मात्र डिझेलचा नव्हे. तो सडलेल्या मासळीतून किंवा तळाच्या कुजक्या पाण्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाईडचा असतो. हा वायू वाढला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. अनेक दिवस बंद असलेल्या मासळीच्या कप्प्यात झाकण उघडल्याबरोबर कोणीही उतरू नये. आत कोणी कोसळला तर त्याला काढायला दुसऱ्याने तशीच उडी टाकू नये. अशाने एकाच्या जागी दोघे दगावतात.

आता वासाचे मूळ कसे शोधायचे ते पाहू. आम्ही रोगी तपासताना आधी हकिगत ऐकतो, मग तपासणी करतो आणि मगच उपचार. नावेचेही तसेच करावे.

प्रथम हकिगत. वास टाकी भरल्यावर वाढतो का? मग टाकीत डिझेल ओतायच्या तोंडाचे झाकण, त्याचे रबरी वेष्टण आणि टाकीची हवा बाहेर जाण्याची नळी पाहावी. नाव हेलकावे खाते तेव्हाच वाढतो का? मग टाकीच्या वरच्या बाजूचे जोड आणि झाकणे सैल असण्याचा संभव अधिक. इंजिन चालू असतानाच येतो का? मग फिल्टर, पंप, इंजेक्टरच्या नळ्या आणि उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणारी बारीक नळी यांवर लक्ष ठेवावे. या परतीच्या नळीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. धुराचा वास येत असेल तर धुराड्याच्या जोडांवर काजळीचे काळे ओघळ दिसतात का ते पाहावे. आणि वास सदासर्वदा येत असेल तर डिझेल तळाच्या पाण्यात किंवा लाकडात मुरलेले आहे असे समजावे.

मग तपासणी. तळ घाण असताना गळती शोधणे म्हणजे चिखलात सुई शोधणे. आधी तळाचे पाणी पूर्ण उपसून डब्यात घ्यावे, तळ साबणाने घासून कोरडा करावा. मग प्रत्येक जोड फडक्याने पुसून त्याच्याखाली कागद बांधावा. त्यासाठी हेच वर्तमानपत्र वाचून झाल्यावर चालेल. पाण्याचा थेंब वाळून जातो, डिझेलचा थेंब मात्र कागदावर तेलकट, आरपार दिसणारा डाग ठेवतो. इंजिन तासभर चालवावे, बंद करून रात्र जाऊ द्यावी आणि सकाळी कागद पाहावेत. रबरी नळी फुटलेली नसतानाही जुनी झाली की वास झिरपू देते. तिची परीक्षा सोपी आहे. गरम पाण्यात पिळलेले स्वच्छ फडके नळीभोवती गुंडाळावे, निवू द्यावे आणि नावेपासून दूर नेऊन हुंगावे. हुंगण्याचे काम मात्र त्या नावेवर न राहणाऱ्या माणसाकडे द्यावे.

मूळ सापडल्यावर उपचार. सैल जोड आवळावा, पण बळजबरीने नव्हे. तांब्याची वायसर दबली असेल तर बदलावी. भेगाळलेल्या नळीला चिंध्या गुंडाळू नयेत, नळीच नवी घालावी. इंजिनाखाली पत्र्याचे पसरट तबक ठेवावे, म्हणजे पुढची गळती तळात न जाता डोळ्यांसमोर राहील. इंजिनघर आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतून वायरी व नळ्या जातात. तेथली भोके बुजवावीत, परंतु इंजिनाला हवा येण्याची वाट बंद करू नये. लाकूड साबणाच्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन कडक उन्हात वाळवावे. फोमच्या गाद्यांत मुरलेला वास सहसा जात नाही, त्या टाकून द्याव्यात. उरलासुरला वास उघड्या बशीत ठेवलेला खाण्याचा सोडा किंवा कोळसा काही अंशी शोषून घेतो. अगरबत्ती आणि सुगंधी फवारे मात्र नकोत. ताप उतरवून जखम झाकून ठेवण्यासारखे ते आहे, शिवाय अगरबत्ती म्हणजे विस्तव. उपसलेले तेलकट पाणी समुद्रात ओतू नये. ज्या ताटात जेवायचे त्यातच थुंकण्याचा तो प्रकार होईल.

येथे एका वाईट सवयीचा उल्लेख केलाच पाहिजे. डब्यातून डिझेल काढताना नळी तोंडात धरून ओढतात. एक घोट चुकून श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला सूज येते, खोकला, ताप, छातीत दुखणे सुरू होते आणि माणूस दगावूही शकतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. पोटात गेले असेल तर उलटी मुळीच करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते. सरळ रुग्णालय गाठावे. हातपंप थोडक्या पैशांत मिळतो. डिझेलने हात धुण्याची पद्धतही सोडावी. त्वचेला भेगा पडतात, इसब होतो. हाताला खोबरेल चोळून साबणाने धुतले तर वंगण निघते.

आता मुद्द्याचे. हे सारे करायचे कोणी? वास ज्याला सोसावा लागतो तो खलाशी असतो. त्यांतले कित्येक नेपाळहून आणि परप्रांतांतून आलेले. भाषा परकी, गाव परके. तक्रार केली तर पुढच्या फेरीला नाव कापले जाईल ही धास्ती. म्हणून ते मुकाट्याने झोपतात आणि सकाळी डोके धरून उठतात. नळी बदलण्याचा निर्णय त्यांच्या हाती नसतो, तो मालकाच्या हाती असतो आणि मालक केबिनमध्ये झोपत नाही. माझे मत असे की प्रत्येक मालकाने हंगामात एक रात्र आपल्या नावेच्या केबिनमध्ये, इंजिन चालू असताना काढावी. माझ्या दहा लेखांनी होणार नाही ते काम त्या रात्रीने होईल. माणुसकीचे सोडा, हिशेबाची गोष्ट घ्या. डिझेलचा वास बर्फाला आणि मासळीला लागतो, आणि वास लागलेल्या मासळीला व्यापारी भाव देत नाही.

शासन मच्छीमारांना डिझेलवरच्या कराचा परतावा देते, तो सहकारी संस्थांमार्फत मिळतो. नौकेची कागदपत्रे तपासली जातात. त्याच वेळी टाकी, नळ्या, धुराडे आणि केबिनची खिडकी यांवर एक नजर टाकायला कितीसा वेळ लागेल? संस्थांनी डिझेल पंपावर दोन-चार हातपंप ठेवले तर नळी तोंडात धरण्याची वेळच येणार नाही.

पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. जाळी विणली जातात, रंग लागतो, इंजिन खोलले जाते. त्याच यादीत गळती शोधण्याचा एक दिवस घालावा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्याआधी नावेचा तळ कोरडा असावा आणि केबिनमध्ये मोकळा श्वास घेता यावा. एवढे झाले तर माझ्या दवाखान्यातली गर्दी थोडी कमी होईल, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटणार नाही.