डीपीकेजीच्या एका ओळीसाठी

डेबियन प्रकल्पाच्या सर्व विकासकांना,


पॅकेज बांधणाऱ्याला आज ना उद्या भेटणारी एक ओळ आहे: अमुक फाइल ओव्हरराइट होते आहे, ती दुसऱ्या पॅकेजातही आहे. एवढे सांगून डीपीकेजी थांबते. थांबते हे योग्यच.

पण नवखा माणूस तिथून पुढे काय करतो? '--फोर्स-ओव्हरराइट' लावून मोकळा होतो. पॅकेज बसते. महिन्याभराने तो तेच पॅकेज काढतो, तेव्हा शेअर्ड लायब्ररीची फाइलही सोबत जाते आणि तिच्यावर चालणारा भलताच प्रोग्रॅम बंद पडतो.

याचे खरे उत्तर आपल्याकडे आहे. एक उदाहरण घ्या. १९ जानेवारी २०३८ला ३२-बिट वेळेची मोजणी संपते, म्हणून २०२४मध्ये आपण शेकडो लायब्ररींची पॅकेजे नव्या नावाने बांधलीत. लिबएसएसएल३चे लिबएसएसएल३टी६४ झाले. आतली फाइल मात्र त्याच जागी, त्याच नावाची: लिबएसएसएल.एसओ.३. टक्कर अटळ होती, आणि ती कंट्रोल फाइलमधल्या दोन नोंदींनी टळली. 'रिप्लेसेस' म्हणजे ही फाइल आता नव्या पॅकेजची; 'ब्रेक्स' म्हणजे जुनी आवृत्ती शेजारी नांदणार नाही. नुसत्या 'रिप्लेसेस'वर भागत नाही. जुने पॅकेज फाइल गमावूनही यादीत 'बसवलेले' म्हणूनच राहते, आणि ही चूक फार जण करतात.

एबीआय बदलताना लायब्ररीच्या फाइलचे नावही बदलले, तर गोष्ट वेगळी. तिथे पॅकेजच्या नावातच आवृत्ती येते, म्हणून लिबएसएसएल१.१ आणि लिबएसएसएल३ एकाच यंत्रावर सुखाने राहतात. घोळ होतो तो आवृत्तीचा आकडा नसलेली '.एसओ' लिंक कुणी मुख्य पॅकेजात टाकली की. तिची जागा 'डेव्ह' पॅकेजात.

हे सगळे आपल्या धोरणपुस्तिकेच्या सातव्या आणि आठव्या प्रकरणांत स्वच्छ लिहिलेले आहे. पण अडलेल्या माणसासमोर त्या क्षणी पुस्तिका नसते, टर्मिनल असते.

म्हणून विनंती एवढीच: त्या संदेशाखाली आणखी एक ओळ घाला. फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवली असेल, तर 'ब्रेक्स' आणि 'रिप्लेसेस' दोन्ही लिहा. प्रकरण सात पाहा. उबुंटू, मिंट आणि भारतातल्या सी-डॅकचे बॉस लिनक्स डेबियनच्याच पायावर उभे आहेत. ही एक ओळ त्या सगळ्यांपर्यंत पोहोचेल.

कळावे,
डेबियनचा एक वापरकर्ता