चौघांच्या घरात चार चुली

इंदापूर-बारामतीकडची आमची मुलं पुण्यात प्रोग्रामर झाली, याचा आनंदच आहे. पण कुठलंही काम हाती आलं की त्यांच्यातला कुणीतरी म्हणतो, ‘मायक्रो फ्रंटएंड करू या.’ कुणासाठी रे बाबा?

वेबसाइटच्या दिसणाऱ्या भागाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक टीमनं आपला तुकडा आपल्या वेळेला बाजारात आणायचा, एवढीच ही कल्पना. थॉटवर्क्सनं 2016 साली हे नाव पुढे आणलं. मोठ्या कंपन्यांत एकीचा बदल दुसरीच्या चाचणीपायी अडकून राहायचा. कुटुंब वाढलं, एका चुलीवर भागेना, म्हणून चुली वेगळ्या झाल्या. त्यात गैर काही नाही.

पण स्पॉटिफायचं काय झालं, तेही वाचा. त्यांच्या डेस्कटॉप ॲपचं प्रत्येक पान स्वतंत्र आयफ्रेममध्ये होतं. टीम मोकळ्या झाल्या, ॲप मात्र जड झालं. शेवटी डेस्कटॉप आणि वेबसाठी त्यांनी एकच कोड केला. 2021 साली ते स्वतःच जाहीर लिहिलं.

आता आपल्याकडची पतसंस्था घ्या. काम चौघांकडे, चौघं एकाच टेबलाशी. कुणाचं कुणावाचून अडत नाही. तरी तुकडे केले, तर लॉगिन चार ठिकाणी सांभाळा, बटणांचे रंग जुळवत बसा. एकाकडे रिॲक्टची जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे नवी. दोन्ही उतरणार ग्राहकाच्याच मोबाइलवर. नरसिंहपूरला जुन्या फोनवर ठेवीचं पान उघडू पाहणाऱ्या एखाद्या खालाच्या डेटा पॅकमधून तुमची हौस फिटते. नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी उधळू नका, हे आपल्याला लहानपणीच शिकवतात. नीरा-भीमेच्या संगमावर राहणाऱ्यांना तर ते वेगळं सांगायला नको. मग दुसऱ्याच्या पैशानं उधळपट्टी कशी चालते?

खरं कारण बायोडाटा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मुलाला पुढची नोकरी मिळते आणि संस्थेकडे कुणालाच न उलगडणारे चार तुकडे उरतात.

दुसरी टीम खरंच उभी राहिली, तिचं काम पहिलीसाठी आठवडेच्या आठवडे थांबू लागलं, किंवा जुनी अवाढव्य साइट चालू ठेवून एकेक भाग बदलायचा असेल, तर जरूर तोडा. तोवर एकाच कोडमध्ये नीट वेगळे फोल्डर करा. पतसंस्थेच्या संचालकांनीही कोटेशनवर सही करण्याआधी एकच विचारावं: आमच्या कामावर टीम किती?