सेंद्रिय अन्न : वैद्याने रुग्णास काय सांगावे?

सेंद्रिय धान्य, भाजीपाला व गूळ विकत घ्यावा काय, हा प्रश्न आज चिकित्सालयात येणारे रुग्ण वारंवार विचारतात. आपल्यापैकी अनेक जण त्यास तत्काळ होकारार्थी उत्तर देतात. निसर्गाशी नाते सांगणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांस हे स्वाभाविकही वाटते. तथापि हे उत्तर इतके सहज देऊ नये, असे आमचे मत आहे. सेंद्रिय मालाची किंमत अनेकदा दीडपट-दुप्पट असते. वैद्याचा शब्द प्रमाण मानून एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाने महाग तांदूळ घेतला आणि त्यापायी डाळ, दूध वा फळे कमी केली, तर त्या सल्ल्याने हित साधले की अहित, याचा विचार आपणच करावयास हवा.

प्रथम आधुनिक संशोधन काय सांगते ते पाहू. ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आढाव्यात सेंद्रिय अन्न अधिक पोषक असल्याचा सबळ पुरावा आढळला नाही, कीटकनाशकांचे अवशेष मात्र त्यात कमी वेळा आढळले. ‘ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मधील २०१४ च्या आढाव्यात ३४३ शोधनिबंध तपासले गेले. त्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट द्रव्ये अधिक, तर कॅडमियम व कीटकनाशकांचे अवशेष कमी आढळले. पोषणमूल्याविषयी हे दोन आढावे एकमत नाहीत, अवशेषांविषयी आहेत.

मात्र अवशेष कमी म्हणजे रोग कमी, असे सिद्ध झालेले नाही. फ्रान्समधील ६८,९४६ प्रौढांच्या २०१८ च्या अभ्यासात सेंद्रिय अन्न अधिक खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण कमी दिसले. ब्रिटनमधील सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या २०१४ च्या अभ्यासात एकंदर कर्करोगाबाबत तसे दिसले नाही. सेंद्रिय अन्न घेणारा वर्ग बहुधा सुस्थितीतील व इतर बाबतींतही पथ्य पाळणारा असतो. त्यामुळे लाभ नेमका कशाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात वर्णिलेल्या दूषीविषाशी कीटकनाशकांच्या अवशेषांची तुलना केली जाते. ही तुलना विचारप्रवर्तक आहे, पण तुलना हा पुरावा नव्हे. त्यावरून ‘टाळता येईल तेवढे टाळावे’ एवढेच फार तर म्हणता येईल. चरकाचार्यांनी विमानस्थानात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली. पीक कसे वाढवले हा विषय फार तर ‘देश’ या एका आयतनात येतो. उरलेली सात पिशवीवरील शिक्क्याने बदलत नाहीत. प्रमेहाच्या हेतूंत दही, नवान्न व गुळाचे पदार्थ गणले आहेत. ते सेंद्रिय असले म्हणून हेतू राहत नाहीत, असे कोणी म्हणेल काय? तरीही ‘गूळ खातो, पण सेंद्रिय’ असे समाधानाने सांगणारे मधुमेही आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. हा गैरसमज दूर करणे आपले कर्तव्य आहे.

गुळाचेच उदाहरण पुढे नेऊ. काळपट गूळ म्हणजे सेंद्रिय, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः गडद रंगावरून फार तर रस उकळताना रंगकाट रसायन घातले नसावे, एवढाच तर्क करता येतो. उसाला कोणते खत दिले हे रंग सांगत नाही. पारखायचे ते प्रमाणपत्र. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आणि शेतकरी गटांच्या परस्पर पडताळणीवर आधारलेली पीजीएस-इंडिया या दोन व्यवस्था आपल्याकडे मान्य आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या विनियमांनुसार अशा मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह असते. लहान उत्पादक शेतकऱ्याने ग्राहकास थेट केलेल्या विक्रीस प्रमाणपत्रातून सूट आहे. तेथे प्रत्यक्ष ओळख व शेतास भेट हाच आधार. दुकानातील सुट्या मालावर नुसती ‘सेंद्रिय’ अशी पाटी असेल, तर जादा पैसे देण्याचे कारण नाही.

रुग्णास सांगण्याचा क्रम आमच्या मते पुढीलप्रमाणे असावा. पहिले, पुरेशी डाळ, ऋतूनुसार भाज्या व फळे, आणि घरी शिजवलेले ताजे अन्न. यात काटकसर करून सेंद्रिय माल घेऊ नये. दुसरे, भाज्या व फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. त्याने पृष्ठभागावरील अवशेष बरेच कमी होतात. आत शोषलेले जात नाहीत. तिसरे, यानंतर पैसे उरत असतील तर ते द्राक्षे, कोथिंबीर, मिरची, पालेभाज्या यांसारख्या सालासकट वा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या जिनसांवर खर्चावेत. केळी, नारळ, कांदा यांवर नव्हे. गर्भिणी व लहान बालके घरात असतील, तर ही सावधगिरी अधिक युक्त होय.

सेंद्रिय माल घेण्याचे आणखी एक सबळ कारण आहे. ते मात्र शेतकऱ्याच्या आरोग्याचे आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. खाणाऱ्याच्या ताटात कीटकनाशकाचा अंश येतो; फवारणाऱ्याच्या अंगावर त्याची पूर्ण मात्रा पडते. ज्यांना परवडते त्यांनी या जाणिवेने जादा मोल द्यावे, हे आम्ही आनंदाने सांगू. पण ते सामाजिक कर्तव्य म्हणून सांगावे, औषध म्हणून नव्हे.

शेवटी एक प्रश्न आपणांस. भाजीतील अवशेषांची चिंता करणारे आपण स्वतः वापरतो त्या अश्वगंधा, शतावरी, गुडूची यांच्या चूर्णांचा तपासणी अहवाल औषधनिर्मात्याकडे कधी मागतो काय? भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात कीटकनाशके व जड धातू यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत. प्रत्येक सभासदाने खरेदी करताना त्या-त्या घाणीचा अहवाल मागावा व संघटनेने त्यासाठी समान नमुनापत्र तयार करावे, अशी आमची सूचना आहे. आगामी सर्वसाधारण सभेत तीवर चर्चा व्हावी.