लाभार्थी संख्या किती लिहायची?

सांस्कृतिक अनुदानाचा अहवाल कधी भरलाय का? आमच्या भागातल्या एका छोट्या मंडळानं सरकारी मदतीतून दंडारीचा प्रशिक्षण वर्ग घेतला. त्यांचा अहवाल भरायला मी दोन संध्याकाळ त्यांच्यासोबत बसलो. उपयोगिता प्रमाणपत्र, पावत्या, बातम्यांची कात्रणं, फोटो (बॅनर दिसलाच पाहिजे!) आणि एक रकाना : लाभार्थी संख्या.

वर्गात पोरं होती २२. समारोपाला गाव जमलं ते तीनेकशे. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, तीनशे लिहा. बावीस लिहिले तर पुढच्या वर्षी कोण देईल?" शेवटी दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी खुलासा जोडला. पण त्यांची भीती काही खोटी नाही. २२ पोरं तीन महिने घाम गाळून झांज धरायला शिकली आणि ३०० माणसं दीड तास खुर्चीवर बसली, यात फॉर्मच्या लेखी दुसरी गोष्ट तेरा-चौदा पट मोठी.

आता काही मित्र म्हणतील, कला मोजता येत नसते, मोजणीच बंद करा. मला हे अजिबात पटत नाही. पैसा लोकांचा आहे. मोजणी बंद झाली की ज्याची मंत्रालयात ओळख त्याचा महोत्सव, एवढंच उरतं. आणि कला मोजता येत नाही असं झाडीपट्टीत राहून म्हणायचं म्हणजे कमालच! आपल्या इथं नाटकाची मोजणी किती कडक असते ते बघा.

दिवाळीनंतर धान निघतं, गावोगाव मंडई भरते, नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडशाला कंपन्यांची ऑफिसं, तिथं जाऊन गावचं मंडळ नाटक ठरवतं, पैसे देतं, तिकीट विकतं. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. मंडळाची माणसं काय बघतात? गल्ला बघतातच. पण रात्री दोन वाजता किती जण शाल गुंडाळून बसलेत आणि किती उठून घरी गेले, हेही बघतात. तिसऱ्या अंकाला बाया रडल्या की नाही, हेसुद्धा दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर निघतं. त्यावर पुढच्या हंगामात त्या कंपनीला कोण बोलावणार ते ठरतं. कुठलाही रकाना नाही, कुठलाही फोटो नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, पण त्याच्या कितीतरी आधी या भागातल्या प्रेक्षकांनी त्यांना पास केलं होतं.

मग हीच पद्धत अनुदानाला लावायची का? नाही. खरा पेच इथंच आहे. तिकिटावर जे चालतं त्याला अनुदान लागत नाही. दंडार, खडीगंमत मागं पडली ती याच बाजारात. गल्ला वाढवायला नाटकाच्या मध्येच नाच घुसला तोही याच बाजारात. म्हणजे जे गर्दी खेचू शकत नाही, पण टिकलं पाहिजे असं आपल्याला वाटतं, त्यासाठी आपण अनुदान देतो. आणि नंतर त्याला विचारतो, गर्दी किती होती? हे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला चारा द्यायचा आणि त्याला शंकरपटात पळवून बघायचं.

याचा परिणाम काय होतो तेही सांगतो. मंडळं हुशार होतात. वर्ग तीन महिन्यांचा पंधरा दिवसांवर येतो आणि समारोप मोठा होतो. स्टेज, लाइट, साउंड, पाहुणे, शाल-श्रीफळ. त्यात निधी बऱ्याचदा हातात पडतो जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चच्या आत संपवायचा! आमच्याकडं ते दिवस ऐन हंगामाचे. चांगला शिकवणारा माणूस तेव्हा रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावी खेळात असतो. मग जो रिकामा आहे तो शिकवतो. हे कोणत्या रकान्यात येतं?

मराठी सिनेमाच्या अनुदानावर आपण कितीही वाद घालू, पण तिथं निदान समिती सिनेमा बघते, गुण देते आणि त्यावरून अ की ब दर्जा, ४० लाख की ३० लाख हे ठरतं. गावातल्या वर्गाला रक्कम फार थोडी, हे मान्य. पण कोणी एकदा येऊन बसायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं साधं आहे. अर्ज करतानाच मंडळाला विचारा की तुमच्या कामानं नेमकं काय बदलेल, दोन ओळीत लिहा. "संस्कृतीचे जतन होईल" हे उत्तर चालणार नाही. "गावच्या मंडईत १० पोरं स्वतःची दंडार उभी करतील", असं काहीतरी हवं. मग कार्यक्रम संपल्याबरोबर अहवाल घेऊन फाइल बंद करू नका. दोन मंडया जाऊ द्या. नंतर एक माणूस पाठवा, गाडीभाड्याचे पैसे त्याच अनुदानातून बाजूला काढा. त्यानं गावात विचारावं, दंडार होते का? कोण करतं? त्यात वर्गातली पोरं किती? पोरी किती? ज्या म्हाताऱ्याकडून ती शिकली त्याच्याकडं अजून कोणी जातं का? झालंच नसेल तर तेही लिहावं, आणि त्यावरून मंडळाला लगेच काळ्या यादीत टाकू नये, नाहीतर पुन्हा खोटं लिहिणं सुरू. आणि हे अहवाल ग्रामसभेत वाचले जावेत. गावात खोटा आकडा पाच मिनिटं टिकत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला महासंस्कृती महोत्सव जिल्ह्याजिल्ह्यात झाला. मांडव उठून बराच काळ गेला. आता विचारायला हरकत नाही, त्यातून कोणत्या गावात कोणती कला उभी राहिली?

तुमच्या गावात सरकारी मदतीतून असं काही झालं असेल, वर्ग, शिबिर, महोत्सव काहीही, तर खाली लिहा. गाव, साधारण वर्ष आणि आज तिथं काय चालू आहे एवढंच. काहीच चालू नसेल तर तेही. आलेली माहिती गावनिहाय लावून जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी आपल्या लोकप्रतिनिधींना देणार आहे. त्या २२ पोरांचं काय झालं ते बघायला मी येत्या मंडईला जातोय, ते इथंच कळवतो.